पहिल्या रकान्यातलं नाव

३ ऑगस्ट

प्रिय आत्या,

जुलैच्या चारही रविवारच्या पत्रिका सोबत घातल्या आहेत. मोजून घे, म्हणजे पुढच्या पत्रात ‘एक कमी होती’ असं यायला नको. दुसऱ्या मुली परदेशी शिकायला निघाल्या की घरचे त्यांना स्वेटर देतात. मला तू अट दिलीस. दर महिन्याला इथल्या चर्चची रविवारची पत्रिका टपालाने पाठवायची, कारण फोनवर मी नुसती ‘हो, हो’ म्हणते आणि कागद खोटं बोलत नाही. बरं बाई. घे कागद.

इथे सगळं ठीक आहे. माझ्या खोलीत पलंग, टेबल आणि मी एवढंच मावतं. खिडकी उघडायची असली तर आधी खुर्ची पलंगावर ठेवावी लागते. प्रयोगशाळेत दिवसभर माती. इमारतींच्या पायाखालून काढलेली माती डब्यांत भरायची, वजन करायचं, भट्टीत चोवीस तास वाळवायची, परत वजन करायचं. पाणी किती उडालं ते लिहायचं. आई विचारते, एवढं लांब जाऊन माती वाळवतेस? मी काय उत्तर देणार? वाळवते.

चर्चचं म्हणशील तर मिस्सा अडतीस मिनिटांत उरकते. इथली माणसं एका बाकावर एक अशी बसतात. शेवटचा आशीर्वाद संपतो न संपतो तोच सगळे गाड्यांच्या किल्ल्या खुळखुळवत बाहेर. पण क्वायर छान गातो. जुलैत तर फारच छान गायला. तुझी आठवण आली.

काळजी करू नकोस. आईला सांग, जेवते वेळेवर.

तुझी,
ठमी


१४ ऑगस्ट

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद.

पत्रिका मिळाल्या. चारच आहेत, मोजल्या. आता सहा जुलैच्या पत्रिकेचं मागचं पान काढ. तुझ्याकडे प्रत नसेल म्हणून मीच लिहिते. तळाला चौकटीत छापलंय की पूर्ण जुलै महिना क्वायरला सुट्टी आहे, गाणी होणार नाहीत, भाविकांनी नोंद घ्यावी.

भाविकांनी नोंद घेतली. तू घेतली नाहीस.

ठमे, मी सदतीस वर्षं भूगोल शिकवलाय. सहलीला न जाता सहलीवर निबंध लिहिणारी कार्टी मी पहिल्या ओळीत ओळखायचे. ह्या चारही पत्रिका इस्त्री केल्यासारख्या सपाट आहेत. तू लहानपणापासून प्रवचनाला बसलीस की हातातल्या कागदाची होडी करतेस. किती वेळा ओरडले असेन तुला! तुझ्या हातात अडतीस मिनिटं राहिलेला कागद असा कोरा करकरीत येईल? मी तुझी गॉडमदर आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी तुला हातात धरून तुझ्या वतीने वचनं मी दिली आहेत, तुझ्या आईने नव्हे. खरं काय ते लिही.

दुसरं. २१ सप्टेंबरला तुझ्या पप्पांना जाऊन दोन वर्षं होतील. यंदा तो दिवस रविवारीच आलाय. ह्या वेळी त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा तू तिथे सांग. इथे गेल्या वर्षी मी सांगितलीच, पण लेक म्हणून तुझंही काही कर्तव्य आहे. त्यात वाद नको.

इथे सगळं उत्तम. गेल्या रविवारी मी पेटीवर होते, नवीन फादरांनी फार कौतुक केलं.

आत्या


२५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

ठीक आहे. पकडलंस. आता ऐक.

मी मे महिन्यापासून चर्चमध्ये गेलेली नाही. पत्रिका दाराबाहेरच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या असतात. शनिवारी बाजारातून येताना उचलते आणि घरी येते. हो, पाप आहे. पण का ते तर विचार!

जानेवारीपासून मी दर रविवारी जात होते. थंडीत, दोन मोजे घालून. शेवटून तिसऱ्या बाकावर, खांबाशेजारी. पाच महिन्यांत मला कोणी नाव विचारलं नाही, कुठून आलीस विचारलं नाही. मिस्सेत एकमेकांचे हात धरून शांती द्यायची, तिथेही लोक लांबूनच मान हलवायचे. दारात पत्रिका वाटायला एक निवृत्त बस ड्रायव्हर असतात, ते माझ्या हातात कागद द्यायचे आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघून हसायचे. एप्रिलमध्ये मला ताप आला. तीन रविवार पडून होते, पाणी द्यायला कोणी नव्हतं. चौथ्या रविवारी कशीबशी गेले, तर हे ड्रायव्हरकाका मला म्हणाले, “स्वागत आहे! आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदाच येताय का?”

आत्या, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच महिने! आपल्याकडे एक रविवार चुकला तर सोमवारी सकाळी औषधांच्या दुकानातल्या मावशी ‘बरी आहेस ना गं?’ म्हणून दारात हजर. तेव्हा मला त्यांचा वैताग यायचा. इथे मी मेले असते तरी त्या बाकावर फक्त थोडी जास्त धूळ बसली असती. देव सगळीकडे आहे असं तूच शिकवलंस ना? मग माझ्या खोलीतही असेल. खुर्ची पलंगावर ठेवली की त्याला बसायला जागाही होते.

तर माझा निर्णय झालाय. पप्पांची मिस्सा झाली की मी जाणं बंद करणार, उघडपणे. पत्रिका मागू नकोस.

मिस्सा सांगून आले आहे. चर्चच्या ऑफिसातल्या बाई एका खिडकीमागे बसतात आणि खिडकी दुपारी अडीचला बंद करतात. मी दोन पंचवीसला पोचले, तिकडे भट्टीतले डबे काढायची वेळ झालेली. त्यांनी एक गुलाबी फॉर्म सरकवला. मी भिंतीवर धरून उभ्या उभ्या भरला. त्यात काय विचार करायचाय? आठ वर्षांची होते तेव्हापासून आपल्या चर्चमधली मिस्सेच्या हेतूंची वही मीच भरायची ना, माझं अक्षर चांगलं म्हणून. तू मागे उभी राहून सांगायचीस. पहिल्या रकान्यात सांगणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात ज्याच्यासाठी त्याचं. झोपेतही चुकणार नाही. सांगणारी म्हणून तुझंच नाव घातलं, पप्पांच्या नावापुढे नातं ‘भाऊ’. खूश?

पण तिथे स्वतः सांगायचं सोडून मला सांगायला लावलंस, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. आणि तू, नवीन फादरांनी कौतुक केलं असं लिहितेस? तू? ज्या बाईने जुन्या फादरांना त्यांच्या निरोपसमारंभातही ‘तुमचा सूर शेवटपर्यंत लागला नाही’ म्हणून सांगितलं?

ठमी


५ सप्टेंबर

चि. ठमीस आशीर्वाद.

पत्र वाचून राग आला. मग तापाचं वाचलं आणि राग गेला. पण पूर्ण गेलेला नाही. ताप आला तेव्हा कळवायचं नाही? फोन कशाला घेऊन दिलाय?

त्या ड्रायव्हरच्या बाबतीत मी तुझ्या बाजूने आहे. माणसं लक्षात ठेवता येत नसतील तर दारात उभं राहू नये.

बाकी बाबतीत नाही. पण परदेशी बसलेल्या घोडीला मी इथून कान धरून नेऊ शकत नाही. एवढंच कर. एकवीस तारखेला जा. खांबाआड नव्हे, दुसऱ्या बाकावर बस. तुझ्या बापाचं नाव वेदीवरून मोठ्याने वाचलं जाईल ते कानांनी ऐक. तो गेल्यापासून आमच्या घरात त्याचं नाव मोठ्याने कोणी घेत नाही. तुझी आई ‘हे’ म्हणते आणि मी ‘तो’. नाव ऐकून ये आणि मला लिही. त्यानंतर तू गेलीस, नाही गेलीस, मी विचारणार नाही. हा माझा शब्द.

आमच्याकडचं विचारलंस. सांगण्यासारखं काही नाही. नवीन फादर तरुण आहेत, उत्साही आहेत. पेटी चालू आहे.

आत्या


२२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

हे पत्र बसून वाच. आई शेजारी असेल तर बरं.

काल मी गेले. दुसऱ्या बाकावर बसले. फादर वेदीवर आले, ते पंचाहत्तरीचे आहेत आणि चष्मा कपाळावर ठेवून कागद वाचतात. “आजची मिस्सा,” म्हणाले, आणि तुझं नाव घेतलं. तुझं! पूर्ण, आडनावासकट, तीन ठिकाणी चुकीच्या उच्चारासह. “ह्यांच्या आत्म्याच्या चिरशांतीसाठी.” आणि पुढे, “त्यांच्या भावाच्या विनंतीवरून.” मग पप्पांचं नाव.

इथल्या फॉर्मवर पहिला रकाना मृताचा असतो. दुसरा सांगणाऱ्याचा. वर ठळक छापलेलं होतं म्हणे. मी वाचलंच नाही.

 मी उठून सांगणार, तेवढ्यात फादरांनी विचारलं, “कुटुंबापैकी कोणी आलंय का?” आणि ड्रायव्हरकाकांनी, ज्यांना मी पाच महिने दिसले नव्हते, त्यांनी थेट माझ्याकडे बोट दाखवलं. बरोबर आहे, असल्या आडनावाचं तिथे दुसरं दिसणार कोण! फादर म्हणाले, उभी राहा बाळ. मी उभी राहिले, ‘माझ्या वडिलांची बहीण’ एवढंच तोंडून निघालं. सगळं चर्च माझ्याकडे वळलं. आत्या, जानेवारीपासून पहिल्यांदा मला त्या लोकांचे चेहरे समोरून दिसले.

तरीही मी सांगणार होते. शपथेवर. मिस्सा संपल्यावर ड्रायव्हरकाका आले, दोन्ही हातांत माझा हात धरला आणि म्हणाले, “तुझ्या वडिलांना सांग, आम्ही सगळे त्यांच्या दुःखात आहोत. बहीण जाणं सोपं नसतं. सांगशील ना त्यांना?”

सांगशील ना त्यांना. दोन वर्षांत पप्पांना काही सांग असं मला कोणी म्हणालेलं नाही. मी ‘हो, सांगते’ म्हटलं आणि रडायला लागले. अशी रडले की पप्पा गेले तेव्हाही रडले नव्हते. तेव्हा पाहुणे होते, आई होती, तू होतीस, पाणी आण, खुर्च्या लाव. काल मात्र भर चर्चमध्ये नाक गळेपर्यंत रडले. आणि सगळ्यांना वाटलं, केवढा जीव हिचा आत्यावर!

मग कोणी रुमाल दिला. कोणी खुर्ची आणली. एका बाईंनी संध्याकाळी घरी सूप आणून दिलं, झाकणाच्या मोठ्या पातेल्यात. क्वायरमधल्या दोघींनी विचारलं, आत्या काय करायची? मी सांगितलं, पेटी वाजवते. वाजवायची, म्हटलं. बेसूर गाणाऱ्याला गाण्याच्या पुस्तकाच्या कडेने मारायची. त्या हसल्या, मग डोळे पुसले. उद्या संध्याकाळी मला सरावाला बोलावलंय. नाव विचारलं माझं. लिहून घेतलं.

आता मी कुठल्या तोंडाने सांगू? मला कळतंय हे भयंकर आहे. पत्रिका सोबत आहे. ही होडी केलेली आहे, बघ.

ठमी


४ ऑक्टोबर

ठमे,

मी जिवंत आहे. तुझ्या माहितीसाठी. रक्तदाब थोडा वाढलाय, तोही तुझं पत्र वाचल्यावर.

सदुसष्ट वर्षांत माझं नाव छापून आलं ते दोनदा. एकदा आदर्श शिक्षकांच्या यादीत, त्यातही वडिलांचं नाव चुकलं होतं. आणि आता हे. औषधांच्या दुकानातल्या मावशींनी पत्रिका माझ्या हातून घेतली, तुझ्या आईकडून अर्थ लावून घेतला आणि माझ्या तोंडावर म्हणाल्या, “टीचर, तारीख तर बघा, तुम्ही त्या दिवशी माझ्याकडून खोकल्याचं औषध नेलं होतं.” अख्ख्या गल्लीत झालंय. दूधवाला सकाळी मला बघून गालात हसतो.

ते मी सोसेन. दुसरं सोसणार नाही. माझ्या भावाची मिस्सा झालेली नाही. कळलं का तुला? वर्षाचा दिवस निघून गेला आणि त्याच्या नावाने एक शब्द कोणी बोललं नाही. मी ठणठणीत बाई, माझ्यासाठी अख्खं चर्च गुडघ्यावर! आणि तो दुसऱ्या रकान्यात, सांगणारा म्हणून. मेल्यावरही त्याला माझं काम लावलंस.

रडलीस ते बरं केलंस. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण येत्या रविवारी उभी राहा आणि त्या लोकांना खरं सांग, आणि तुझ्या बापाची मिस्सा सांग. सूप देणारे सूप देणं बंद करतील. करू देत. माझ्या मरणावर तू मैत्रिणी जोडायच्या नाहीत.

आत्या


(ह्याच पाकिटात, औषधाच्या पावतीच्या मागे)

बाळा, आत्या पाकीट बंद करायला डिंक आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहिते. फोनवर ती शेजारीच बसते, म्हणून बोलता येत नाही.

आत्या पाच महिने चर्चमध्ये गेलेली नाही. नवीन फादरांनी कीबोर्ड आणला, बटण दाबलं की तबला आपोआप वाजतो. तिच्या पेटीवर खोळ घालून आतल्या खोलीत ठेवून दिली. तिला म्हणाले, टीचर, आता तुम्ही आराम करा. एकतीस वर्षं वाजवली तिने. ती तिथून उठून आली ती परत गेलीच नाही. रविवारी सकाळी साडी नेसून तयार होते आणि स्वयंपाकघरात बसून राहते. मी एकटीच जाते. मी पप्पांची मिस्सा इथे सांगते म्हटलं, तर म्हणाली, माझ्या भावाचं नाव मी त्या माणसाच्या तोंडात देणार नाही, पोरगी तिकडे सांगेल. म्हणून तुझ्यामागे लागली होती. मी तुला काही कळवलं असं दाखवू नकोस. दोघींनी मला वात आणलाय.

जेवत जा. आई


२० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

आधी तुझं काम झाल्याचं सांगते, मग भांडते.

पत्र मिळाल्यावर मी फादरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगाल का सगळ्यांना? ते म्हणाले, फॉर्म तू भरलास, तूच सांग. काल मिस्सेच्या शेवटी सूचना असतात, तेव्हा माईकसमोर उभी राहिले.  म्हटलं, माझी आत्या जिवंत आहे.

 पहिल्या बाकावरच्या एका आजींनी क्रुसाची खूण केली, त्यांना वाटलं चमत्कार झाला. मग मी सगळं सांगितलं. आपली वही, इकडचा फॉर्म, दोन पंचवीस वाजलेले, भट्टीतली माती. म्हटलं, गेले ते माझे पप्पा. दोन वर्षांपूर्वी. मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण तुम्ही माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता. मला वाटलं, खरं सांगितलं तर परत कोणी बोलणार नाही.

तू म्हणालीस तसंच झालं. सूपवाल्या बाई माझ्याकडे न बघता निघून गेल्या, बाहेरून निरोप आला की पातेलं परत हवंय. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, बावीस वर्षांत माझ्या फॉर्मला कोणी नाव ठेवलं नाही. क्वायरमधली एक हसत सुटली आणि दुसरी अजून गप्प आहे. आणि ड्रायव्हरकाका! ते लालबुंद होऊन आले. म्हणाले, “म्हणजे मी त्या दिवशी तुला म्हटलं वडिलांना सांग, आणि तू हो म्हणालीस? मला थांबवायचं नाही? किती लागलं असेल तुला!” पाच मिनिटं मला झापत होते. तिथेच, दारात, हातात पत्रिकांचा गठ्ठा तसाच. लोक कागद न घेता बाहेर गेले.

आत्या, मला इतकं बरं वाटलं. वर्षभर ह्या लोकांनी माझ्यावर रागावण्याइतकंही लक्ष दिलं नव्हतं. झापून झाल्यावर त्यांनी विचारलं, वडिलांचं नाव कसं उच्चारायचं? चार वेळा म्हणून घेतलं. येत्या रविवारी मिस्सा आहे, वेदीवरून नाव तेच वाचणार आहेत. फॉर्म मी भरला, फादरांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन तपासला.

पातेलं मी संध्याकाळी घासून नेऊन दिलं. बाईंनी दार अर्धंच उघडलं. मग विचारलं, आत्याची तब्येत कशी आहे? मी म्हटलं, आवाज चांगला आहे.

आता भांडण. पेटी चालू आहे काय गं? नवीन फादरांनी कौतुक केलं काय? कोणी सांगितलं विचारू नकोस, मी नाव घेणार नाही. मला कागद मागतेस, कार्टी पहिल्या ओळीत ओळखतेस, आणि स्वतः साडी नेसून स्वयंपाकघरात बसतेस? मी निदान पत्रिका उचलायला दारापर्यंत तरी जात होते! आणि माझ्याकडे जायला कोणी ओळखीचं नव्हतं. तुझं तर अख्खं चर्च ओळखीचं. त्यातल्या निम्म्यांना तू पुस्तकाच्या कडेने मारलंयस. तुझा मला खरंच राग आलाय. पप्पांचा दिवस इथे माझ्या चुकीने गेला आणि तिथे तुझ्या हट्टाने. दोन देशांत मिळून आपण दोघींना एक मिस्सा धड सांगता आली नाही.

सोबत एक कार्ड आहे. तू गेल्यावर क्वायरने सगळ्यांच्या सह्या घेऊन मला दिलं होतं. परत द्यायला गेले तर म्हणाले, ज्यांचं आहे त्यांना पाठव. तर हे तुझं. आतला मजकूर मी खाली मराठीत लिहिला आहे. ‘जिने एकतीस वर्षं दुसऱ्यांना सुरात ठेवलं, तिच्यासाठी.’ पेटीची एकतीस वर्षं आणि पुस्तकाची कड, तुझ्याबद्दल मी एवढंच सांगितलं होतं त्यांना. बाकीचं त्यांना माहीत नाही, हे तुझं नशीब.

ठमी


१० नोव्हेंबर

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद.

तू नाव न घेतलेलं माणूस दोन दिवस माझ्यासमोर यायला घाबरत होतं. मग मीच चहा करून दिला.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसले आणि चार कागद फाडले. प्रत्येकात तुला खडसावून काढलं होतं. पाचव्याला कळलं की खडसावण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, म्हणून नुसतं काय झालं ते लिहिते.

तुझी ती होडी मी टाकली नव्हती. उलगडून देवाच्या तसबिरीखाली ठेवली होती, राग आला की वाचायला. कार्ड आलं त्या दिवशी पुन्हा काढली. माझं नाव होतं. त्याच्यापुढे त्याचं. भावाच्या विनंतीवरून. इतके दिवस मी पहिलाच रकाना वाचत होते, ठमे. मला मेलेली ठरवलं म्हणून बोंब मारत होते. दुसरा त्या दिवशी वाचला. आमच्या लहानपणी मी रुसून माडीवर जाऊन बसले की घरात कोणी विचारायचं नाही, सवय झाली होती सगळ्यांना. तो मात्र जिन्यात येऊन बसायचा. बोलायचा नाही काही. बसून राहायचा, मी खाली येईपर्यंत. सहा महिने मी स्वयंपाकघरात बसले, आणि बघ, आलाच की शेवटी. तुझ्या चुकीच्या हातून आला, पण आला. मग मी खूप रडले. तुझ्या आईसमोर. आणि त्याचं नाव घेऊन रडले, ‘तो’ म्हणून नाही.

काल गेले. मला कोणी हार घातला नाही. पेटी अजून खोळीतच आहे. शेवटच्या बाकावर बसले. तो कीबोर्ड असह्य आहे, हे माझं मत बदललेलं नाही. वाजवणाऱ्याने पहिलंच गाणं इतक्या वरच्या पट्टीत धरलं की लोकांनी तोंडं मिटली. मी माझ्या पट्टीत म्हणायला सुरुवात केली. मुद्दाम नाही. बरं, थोडं मुद्दाम. दुसऱ्या कडव्याला मागचे चार बाक माझ्याबरोबर होते, तिसऱ्याला सगळे, आणि तबला एकटाच कुठेतरी चालला होता. मिस्सेनंतर फादर माझ्याकडे आले. मला वाटलं, आता होणार कडाक्याचं भांडण. तर ते म्हणाले, “टीचर, मी तुम्हाला आराम करा म्हटलं होतं. येऊ नका नव्हतं म्हटलं.” मी म्हटलं, “माझ्या वयाच्या बाईला दोन्ही एकच ऐकू येतं.”   तोडगा निघालेला नाही. ह्या गुरुवारी बोलू म्हणाले आहेत.

तुझ्या तिथल्या मिस्सेत त्याचं नाव कसं वाचलं, ड्रायव्हरने चुकवलं का, सगळं सविस्तर लिही. पत्रिका पाठवू नकोस. शब्द दिला होता, पाळते. जायचं तर जा, नाहीतर खुर्ची पलंगावर ठेव. पण सूपवाल्या बाईंकडे पातेलं रिकामं नेऊन दिलंस का? रिकामं भांडं परत देत नाहीत, एवढंही शिकवलं नाही का मी?

सोबत आमच्या चर्चची कालची पत्रिका पाठवते आहे. एक पान आहे, झेरॉक्स फिकट आली आहे. मी आत बसले होते ह्याचा पुरावा म्हणून घडी बघ. मागच्या बाजूला पुढच्या रविवारच्या मिस्सा दिल्या आहेत. सकाळी सातची त्याची आहे. सांगणाऱ्यांत तुझं, तुझ्या आईचं आणि माझं नाव आहे. वही मी स्वतः भरली, तुझ्यासारखं अक्षर नाही माझं. रकाने दोनदा तपासले.

तुझी,
आत्या